जादा नट

सायखेड्याच्या पुढे गोदाकाठी असलेल्या त्या गावात, पुराचे पाणी घाटाच्या मधल्या पायरीला लागले की सरपंचाने सपत्नीक नदीची ओटी भरावी, असा रिवाज आहे. यंदा सरपंच मुझफ्फर होता. गावात मुसलमानांची घरे मोजकीच. तो निवडून आला होता इतरांच्या मतांवर. त्याने आणि त्याची बायको तरन्नुम हिने खण-नारळ पाण्यात सोडला, तेव्हा साऱ्या घाटाने टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारच्या नमाजनंतर इमामसाहेबांनी मुझफ्फरच्या वडिलांना, इब्राहिम यांना, थांबवून घेतले.

"गावाचा कारभार पाहणे ही लोकांनी विश्वासाने सोपवलेली अमानत आहे, इब्राहिमभाई, त्यात हरकत नाही. पण ही पूजा झाली. मुलाने कलमा पुन्हा पढावा. निकाहही पुन्हा लावावा."

इब्राहिम यांनी मालेगावच्या एका मुफ्तींना फोन केला. त्यांचे मत निराळे पडले : मनात श्रद्धा नसताना पदाचा रिवाज पाळला, तर गुनाह होतो, तौबा करावी, पण ईमान जात नाही आणि निकाहही तुटत नाही.

इब्राहिम आयटीआयमध्ये शिकलेले, पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. शंका असेल तिथे एक जादा नट चढवावा, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम.

"अब्बा, मुफ्तीसाहेब तर गरज नाही म्हणतात," मुझफ्फर म्हणाला.

"गरज नाही म्हणतात; करू नका म्हणत नाहीत. केल्याने काय झिजतं? एहतियात म्हणून करून टाक. सावधगिरी कधी वाया जात नाही."

"या वेळी बायकोला द्यायची मेहरची रक्कम तरी वाढवून घ्या यांच्याकडून," तरन्नुम आतून म्हणाली. सगळे हसले.

निकाह झाला. कोणा नातलगाने मोबाइलवर काढलेले चित्रण संध्याकाळपर्यंत गावभर पोहोचले. उपसरपंच खंडेराव दारात येऊन उभे राहिले; आत आले नाहीत.

"आमच्या गंगामाईची ओटी भरली म्हनून तुझं लगीन मोडलं व्हय रे?"

"तसं नाही, नाना. मोडलं नव्हतंच. फक्त एहतियात..."

"तुझ्यासाठी घरोघर फिरलो मी. म्हनलं, पोरगं आपलं हाय."

इब्राहिम मुफ्तींचे मत समजावून सांगू लागले. खंडेरावांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"मंग चाचा, त्यांचं का नाय ऐकलं?"



ग्रामसभेत मुझफ्फरकडे कोणी पाहिले नाही. त्याने राजीनामा दिला. मशिदीतही कुजबुज थांबेना : पुन्हा निकाह लावावा लागला, म्हणजे ईमान गेलेच होते. जे आधी साशंक होते, त्यांची आता खात्री पटली होती.

भाद्रपदात पाणी पुन्हा मधल्या पायरीला लागले. ओटी खंडेरावांनी भरली. हलगीचा आवाज ऐकून तरन्नुमने खिडकी लावून घेतली. थोड्या वेळाने अजान झाली. दार उघडेच होते. मुझफ्फर खाटेवर बसून राहिला.

"चल," इब्राहिम म्हणाले.

"कुठे, अब्बा?"