राजानं भाकरी खाल्ली

इंद्रजितनं मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला, आईला त्याच्यासमोर बसवलं आणि तिचा पदर स्वतःच्या हातानं नीट केला.

"चॅनलवाल्यांचा फोन आला की एवढंच बोल. आपल्याकडं मयताच्या घरी कडू घास देतात. बास."

"आन् मग?"

"मग माझा पिक्चर वाचंल."

पिक्चर खरोखरच शेवटच्या घटका मोजत होता. कळंबच्या या पोरानं जिवाचं रान करून एका कोवळ्या राजावर सिनेमा काढला आणि तो लागल्या लागल्या समीक्षकांनी त्याची सालटी काढली. सगळ्यांचा रोख एकाच प्रसंगावर होता. बापाला अग्नी देऊन आलेला पोरसवदा राजा मुदपाकखान्यात बसून भाकरी खातो. 'चिता विझली नाही तोच राजाला भूक लागली,' असं पुण्याच्या एका समीक्षिकेनं लिहिलं आणि तेच वाक्य गावोगाव फिरलं. निर्मात्यानं तर निक्षून सांगितलं होतं, आज प्रसंग काप आणि माफी माग, नाहीतर उद्यापासून सिनेमा उतरवतो.

तो प्रसंग कापला तर मागं उरणार काय? घोडी आणि तलवारी. सगळा जीव त्या एका घासात होता. 'कडू घास' हा शब्द त्यानं सिनेमात मुद्दामच घेतला नव्हता. हे कुणाला ठाऊक नसेल, असं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तू काल हमिदाबींसंगं बघून आलीस ना? तुला तर कळलंच असंल."

शेजारच्या हमिदाबी दारातच उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या आईकडं, लक्ष्मीबाईंकडं बघितलं आणि नजर खाली वळवली.

"काय झालं? बोला की कुणीतरी!"

"राजाच्या कामाला पोरगं गुणाचं घेतलंस," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पर ती चूल कुणाची व्हती?"

"राजवाड्यातली. तिचा उजेड त्याच्या तोंडावर पडतो, त्यासाठी किती खपलो आम्ही."

"मयताच्या घरी चूल पेटत न्हाय, इंद्रा. घास शेजारचे आणतात. गिळवत न्हाय, म्हणून बळंच भरवावा लागतो. तुझ्या राजानं आपल्याच चुलीवरची भाकरी आपल्याच हातानं खाल्ली. त्या बाईनं खोटं न्हाय लिव्हलं."

इंद्रजित भिंतीला टेकून खाली बसला.

"आबा गेले, माझा बाप गेला, तेव्हाचंच दाखवलंय मी. तूच सांगितलं होतंस, कडू घास खाल्ला म्हणून."

"फोनवर सांगितलं व्हतं. तू शूटिंगला व्हतास." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसेना. "भाकरी ह्या हमिदाबीनं आणली व्हती. तू आलास तवर आपली चूल पेटली व्हती."

फोन वाजू लागला. लक्ष्मीबाई सावरून बसल्या.

"उचल. तू म्हणशील तसं सांगते. माझ्या लेकाचा पिक्चर हाय."

त्यानं हात पुढं केला नाही. फोन वाजून वाजून थांबला, लगेच पुन्हा वाजू लागला.

"हमिदाबी," तो कसाबसा म्हणाला, "त्या दिवशी भाकरीसंगं काय आणलं होतं तुम्ही?"

"पिठलं, बेटा." हमिदाबी आत येऊन त्याच्याजवळ टेकल्या. "तुझ्या आईनं घास लई येळ तोंडातच धरला व्हता. दरवाजाकडं बघत व्हती."