आधी माळा रिकामा करा

खोकून खोकून आईच्या बरगड्या दुखायला लागल्या, तेव्हा कुठे आम्हा भावंडांना जाग आली. घर जुनं, सगळी ऊब छपरातून निघून जायची. आईची अट एकच होती: काय वाट्टेल ते करा, पण मला माझ्या खोलीतून हलवू नका.

दादाने माळ्यावर ग्लासवूल, म्हणजे ऊब अडवणारी काचेची लोकर, घालणारा कारागीर बोलावला. आई दादाकडेच राहते, त्यामुळे घरातलं सगळं शहाणपणही त्याच्याकडेच. कारागीर शिडीने वर गेला आणि दोन मिनिटांत तोंड वाकडं करून खाली आला.

"साहेब, आधी माळा रिकामा करा. ही लोकर छतावर अंथरायची असते, तुमच्या पसाऱ्यावर नाही."

रविवारी आम्ही तिघं माळ्यावर चढलो. दादाची व्यायामाची मोडकी सायकल, ताईचा लग्नातला न उघडलेला डिनरसेट, माझ्या कॉलेजच्या वह्यांचे खोके.

"नेईन ना मी," ताई म्हणाली, "पण आत्ता घरात पाय ठेवायला जागा नाही."

"आधी तुम्ही उचला," दादा म्हणाला. "माझं सामान माझ्याच घरात आहे."

मी सगळ्यांत समजूतदार. मी एवढंच म्हटलं, की वह्या टाकवत नाहीत.

चार तास आम्ही धूळ खाल्ली, एकमेकांची उणीदुणी काढली आणि सगळं झाडूनपुसून एका बाजूला रचलं. माळ्यावर भक्कम फळ्या तेवढ्याच भागात होत्या. खाली आईची खोली होती.

कारागिराने वर डोकावून पाहिलं. "म्हणजे आजींची खोली सोडून बाकी सगळीकडे घालू?"

"तूर्तास घाला," दादा म्हणाला.

काम झकास झालं. दादाला भर थंडीत पंखा लावावा लागला. कुणी कधी न येणारी पाहुण्यांची खोलीसुद्धा उबदार झाली, पण तिथे आईचा पलंग टाकायचा तर कपाटं हलवायची कुणी, म्हणून तोही विषय मिटला. आईच्या खोलीत मात्र बोलताना तोंडातून वाफ निघायची. खोकला वाढला. आम्ही पुन्हा जमलो, आणि सामान हलवण्यापेक्षा आईला हलवणं सोपं, यावर आमचं चहा निवायच्या आत एकमत झालं. एरवी आम्हा तिघांचं चहात साखर किती यावरही होत नाही.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरोबर आहे. सामानाला कुठे पाठवणार?"

कुणी वर पाहिलं नाही. मला लाज वाटली, अगदी खरी वाटली, म्हणून मीच पुढे होऊन म्हटलं, "आई माझ्याकडे येईल." ताईने लगेच आईची बॅग भरायला घेतली.

माझ्याकडे एक लहान खोली आहे, पण तिच्यात अडगळ होती. आईला तिथे झोपवायचं तर ती अडगळ कुठेतरी ठेवायला हवी. दादाला फोन केला. तो म्हणाला, पाठव, इथे आता एक खोली रिकामीच आहे.

टेम्पोत घालून सहा खोके पाठवले. आईच्या पलंगावर सगळे मावले.