प्लॅस्टिकमधली शपथ

मी एक प्रतिज्ञापत्र बोलतोय. नाव भारदस्त असलं तरी मी आहे एकाच पानाचा, आणि माझ्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिक चिकटलेलं आहे. त्या प्लॅस्टिकपायी माझी भर कोर्टात फजिती झाली. पण मला सांगायचंय ते माझ्याबद्दल कमी आणि मोरेश्वरकाकांबद्दल जास्त.

माझा जन्म २००८च्या जूनमधला, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावचा. काकांच्या बेसमेंटमधल्या प्रिंटरमधून मी बाहेर पडलो. मला टाइप केलं शेजारच्या नेत्रानं. ती पुण्याची, सॉफ्टवेअरमधली.

या राज्यानं कायदा केला होता की प्रत्येकानं आरोग्य विमा घ्यायलाच हवा. २००७च्या ३१ डिसेंबरला ज्याच्याकडे विमा नसेल, त्याला करात दंड. काकांना हा कायदा मनापासून आवडायचा. "आता पैशावाचून कुणाचं औषधपाणी अडणार नाही," असं ते ज्याला त्याला सांगत सुटायचे. आणि दंड झाला तो नेमका त्यांनाच!

झालं असं, की त्या वर्षी काका निवृत्त झाले आणि नोकरीबरोबर विमाही गेला. ते तडक नागपूरला गेले, आजारी थोरल्या भावाची सेवा करायला. डिसेंबरात गुरुनाथदादा वारले. काका २८ तारखेला, शुक्रवारी परतले. नवा विमा सुरू झाला १ जानेवारीला. एका दिवसानं हुकलं. काकांनी अपील केलं, तर एका अधिकाऱ्यानं ते फेटाळलं आणि वर शेरा मारला, की यांनी जाणूनबुजून विमा टाळला.

"काका, दोनशे डॉलरचा तर दंड आहे. भरून टाका ना यार," नेत्रा म्हणाली. "कोर्टबिर्ट कशाला?"

"दंड भरीन गं. पण 'जाणूनबुजून' हा शब्द मी घेणार नाही. पस्तीस वर्षं या देशात काढली, मला कुणी लबाड म्हटलेलं नाही."

त्या एका शब्दाविरुद्ध लढायला मी तयार झालो. बँकेतल्या नोटरीसमोर काकांनी माझ्यावर सही केली तेव्हा माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

आता काकांचं वेड सांगतो. महत्त्वाचा कागद दिसला की ते लॅमिनेट करायचे. डिग्री, जन्मदाखला, आरत्यांचं पान, मायक्रोवेव्हची गॅरंटी, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. मला हातात घेऊन ते मशीन तापवू लागले, तेव्हा सुलभाकाकू म्हणाल्यादेखील, "अहो, निदान कुणाला विचारा तरी!"

"ओरिजिनल आहे, सुलभा. खराब होऊन कसं चालेल?"

आणि मी गरम रोलरमधून गेलो.

कोर्टात जायचा दिवस मुदतीचा शेवटचा होता. तिघं मला घेऊन वूस्टरच्या कोर्टात पोचली, तेव्हा कागद दाखल करायची खिडकी बंद व्हायला अर्धा तास उरला होता. तिथल्या बाईंनी माझ्यावर शिक्का मारला. शाई घसरली. त्यांनी अंगठा फिरवला तर मी पुन्हा कोरा करकरीत! "यावर शिक्का बसत नाही. हा कागद मला दाखल करता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"काका, तुम्ही ॲफिडेव्हिट लॅमिनेट केलंत? सिरियसली?" नेत्रानं कपाळाला हात लावला. काकूंनी फक्त काकांकडे पाहिलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "हातानं लिहिलेलं चालेल. खोटं ठरल्यास शिक्षेला पात्र राहीन, असं खाली लिहून सही करा." त्यांनी कोरा कागद दिला.

काका बाकावर बसले, मला मांडीवर ठेवलं आणि बघून लिहू लागले. एका वाक्याशी त्यांचं पेन थांबलं. माझ्यावर छापलं होतं, 'परतल्यावर मी ताबडतोब विम्याची चौकशी केली.'

"नेत्रा, हे खरं नाही. मी सोमवारी फोन केला. कंपनी शनिवारीही उघडी होती."

"काका, प्लीज! तेवढं चालतं. शनिवारी फोन केला असता तर विमा वेळेत झाला असता, असंच म्हणतील ते. केस हराल!"

काकांनी पेन पुन्हा कागदाला टेकवलं. मग सावकाश त्यांनी लिहिलं, 'शनिवारी मी फोन करू शकलो असतो. केला नाही. भाऊ गेल्यावर मला दोन दिवस कुणाशीच बोलावंसं वाटलं नाही.' काकू त्यांच्या खांद्याला हात लावून उभ्या राहिल्या.

खिडकी बंद होता होता त्या नव्या कागदावर शिक्का बसला. मला हेवा वाटायला हवा होता. पण माझा ऊर भरून आला. असा मालक लाभायला भाग्य लागतं.

निकाल त्याच वर्षी डिसेंबरात आला. काकूंनी तो मोठ्यानं वाचला. दंड कायम. पण स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट जो माणूस कुणी न विचारता लिहून देतो, त्यानं जाणूनबुजून कायदा टाळला असं म्हणता येत नाही, म्हणून तो शेरा काढून टाकावा. काकांनी तो भाग पुन्हा वाचायला लावला आणि त्याच दुपारी दंडाचा चेक पोस्टात टाकला.

नेत्रा मला उचलून म्हणाली, "काका, हे ओरिजिनल फ्रेम करून लावा ना हॉलमध्ये!"

"नको गं. त्यात 'ताबडतोब' आहे."

तेव्हापासून मी खणात पडून आहे. माझ्यावर सही खरी आहे, नोटरीचा शिक्का खरा आहे, फक्त मी पुरता खरा नाही, आणि या प्लॅस्टिकमुळे मला तो शब्द खोडताही येत नाही. तुमचं तसं नाही. सही केल्यावर एखादा शब्द बोचू लागला, तर लाजू नका, वेळ निघून गेली म्हणू नका. बेधडक दुसरा कागद मागा.