न घेतलेलं माप

डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची यादी (नाव, गाव, बसवायच्या लेन्सचा आकडा) बारा वर्षं मोठ्या सिस्टरच कॉम्प्युटरवर करत होत्या. डॉक्टरांचे जावई कामाला लागले आणि पहिल्याच दिवशी सिस्टरांच्या खुर्चीमागे उभे राहून हसले.

"एकेक गाव टाइप करताय, सिस्टर?"

सिस्टर टाइप करत नव्हत्या. गावाचं नाव एकदा लिहायचं, खालचे चौकोन निवडायचे, कंट्रोल-डी दाबायचं, की गाव खालपर्यंत उतरतं. पण जावयांना बघायची सवय नव्हती, फक्त बोलायची होती. कुठल्याशा कंपनीतून नारळ मिळालेला माणूस. सासऱ्यांनी दया दाखवून त्याच्या गळ्यात 'व्यवस्थापक' अशी पाटी अडकवली होती. सिस्टरांनी मान वळवायचे कष्टही घेतले नाहीत.

तेवढ्यात वॉर्डातून हाक आली.

"जा तुम्ही, मी उरकतो," जावई खुर्चीत बसत म्हणाले.

त्यांनी अख्खी यादी निवडली, रिकामे चौकोन तेवढे वेगळे काढले, बरोबरचं चिन्ह, वरचा बाण, कंट्रोल-एंटर. प्रत्येक रिकाम्या चौकोनात त्याच्या वरचा मजकूर येऊन बसला. फाइल सेव्ह करून बंद केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "दहा सेकंद!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या यादीचा कागद थिएटरच्या दाराला लागला. पहिली दोन ऑपरेशनं झाली. तिसरा नंबर एका म्हाताऱ्या शिंप्याचा. सिस्टर त्याच्या डोळ्यात थेंब टाकत होत्या.

"बाई, माझं माप कधी घेणार?"

"घेतलंय की. साडेबावीसची लेन्स आहे तुमची."

"छे! परवा मशीन बंद पडलं आणि आम्हा सगळ्यांना परत पाठवलं. जन्मभर लोकांची मापं घेतली मी. माझं घेतलेलं विसरेन होय?"

सिस्टरांनी बाटली खाली ठेवली आणि दाराकडे गेल्या. शिंप्याचा आकडा साडेबावीस. त्याच्या वरच्या बाईंचाही साडेबावीस. खाली वीस, वीस, वीस, वीस. त्यांनी मशीनच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून एकेक नाव ताडून पाहिलं. अकरा जणांच्या चिठ्ठ्याच नव्हत्या. पहिल्या दोघांच्या होत्या, हे नशीब.

डॉक्टर हात धूत होते. जावई शेजारीच उभे.

"थांबा, डॉक्टर. अकरा लेन्सचे आकडे खोटे आहेत."

"खोटे कसे?" जावई म्हणाले. "रिकामं होतं ते मी भरलं. यादी अर्धवट दिसत होती."

"गाव रिकामं असेल तर वरचंच गाव, कारण एका गावची माणसं एकाखाली एक लिहिलेली असतात. लेन्स रिकामी असेल तर मोजलेलं नाही. शेजारणीचा डोळा या माणसाला कसा बसेल? एवढी अक्कल लागते, दहा सेकंदांत."

"अनडू करा ना मग."

"फाइल बंद कोणी केली?"

जावयांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी नळाकडे.

मशीन तोवर दुरुस्त झालं होतं. अकराही जणांना पुन्हा रांगेत बसवून मोजलं. शिंप्याचा आकडा आला एकोणीस. साडेबावीस बसवली असती तर रस्त्यापलीकडचं माणूस त्याला उरलेलं आयुष्य धूसर दिसलं असतं.

दुपारी डॉक्टरांनी सिस्टरांना केबिनमध्ये बोलावलं.

"घरचं माणूस आहे, सिस्टर. बोभाटा नको."

म्हणजे तुम्हीही त्यातलेच, असं सिस्टरांच्या मनात आलं. बारा वर्षं या माणसाच्या हाताला त्या मान देत आल्या होत्या. हात चांगला होता, कणा मात्र जावयाच्याच मापाचा.

"बोभाटा करत नाही. यादीला पासवर्ड टाकलाय. तो मागायला कोणी येऊ नये."



शिंप्याचं ऑपरेशन संध्याकाळी झालं. सकाळी सिस्टरांनी पट्टी काढली तेव्हा जावई वॉर्डच्या त्या टोकाला फोनवर कुणाला तरी स्वतःची 'सिस्टीम' समजावून सांगत होते. शिंपी डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत बसला.

"त्या साहेबांची डावी बाही बोटभर लांब आहे," तो म्हणाला. "कोणी शिवलाय हो शर्ट?"

"त्यांनाच विचारा," सिस्टर म्हणाल्या, "त्यांना सगळं येतं," आणि पुढच्या पलंगाकडे वळल्या.