कुस्तीच्या दिवशीचा ताप

दक्षिण सुदानमधल्या शांतिसेनेच्या आमच्या तळावर दवाखाना सांभाळणाऱ्या उरांचिमेगला आम्ही सगळे मंगोल शिपाई ताई म्हणायचो. वयानं ती आमच्यातल्या कितीतरी जणांहून लहान. पण पाण्याच्या टाकीत औषध टाकणं, आचाऱ्यांची नखं तपासणं, पायांचे फोड, दुखऱ्या दाढा, फाटक्या मच्छरदाण्या, सगळं तिच्याच अंगावर. घरच्या आठवणीनं कुणी गप्प झाला, तर त्याला ती मुद्दाम पट्ट्या गुंडाळायला बसवून घ्यायची. कुंपणापलीकडच्या बायका तापलेली लेकरं घेऊन यायच्या, आणि त्यांची गाय अडली तरी आम्हालाच बोलावणं. मी तिच्या गाडीचा चालक. सेवा म्हणजे काय, हे मला पोथीपेक्षा तिच्या मागून पिशवी वाहताना जास्त कळलं.

दुखणं मात्र तिच्यापुढं सहजी कुणी मांडत नसे. आमच्याकडे ख्यालीखुशाली विचारली की ‘छान आहे’ म्हणायचं, मग अर्धा कळप लांडग्यानं नेलेला का असेना. खरं काय ते चहाच्या तिसऱ्या वाडग्याला बाहेर पडतं. त्यातून कुस्तीच्या तोंडावर आजाराचं नाव काढणं म्हणजे त्याला आवतण धाडणं. म्हणून ती दवाखान्यात मिठाचा दुधाळ चहा उकळत ठेवी आणि वाट बघे.

नादमच्या, म्हणजे आमच्या कुस्ती-घोडदौडीच्या सणाला आम्ही वाळूत आखाडा केला. शेवटची कुस्ती सार्जंट बालदान आणि चोइजिल यांची. चोइजिल म्हणजे अर्खांगाई प्रांतातल्या मेंढपाळाचा कोवळा पोरगा. त्याचा बाप गावाकडून मोबाइलवर बघत होता. ऊन असं की उभ्या उभ्या आम्ही निथळत होतो.

“त्याची पाठ बघ,” ताई मला म्हणाली. “कोरडी ठणठणीत.”

तिनं जवळ जाऊन विचारलं, तर तो हसून ‘छान आहे’ म्हणाला. तापमापी पुढं केली, तर कुस्तीनंतर बघू म्हणाला आणि हात पाठीमागं घेतले. कपाळाला हात लावावा, तर डोक्यावर पैलवानाची टोपी, आणि तिला परक्यानं शिवायचं नसतं. चहाला तर वेळच नव्हता; नाव पुकारायला माणूस उभाही राहिला होता.

मग ताईनं काय करावं? सरळ एक पाऊल पुढं टाकलं आणि चोइजिलच्या पायावर पाय दिला.

आमच्यात पायावर पाय पडला की दोघांनी तिथल्या तिथं हात मिळवायचा. नाही मिळवला तर मनात वैर उरतं. चार लोकांसमोर पोराला हात पुढं करावाच लागला. ताईनं तो धरला आणि सोडलाच नाही.

“निखारा झालाय हात. कधीपासून?”

“परवापासून,” तो पुटपुटला. “ताई, एवढी एक कुस्ती होऊ दे. मग हव्या तेवढ्या सुया टोच.”

“या उन्हात झुंजलास तर मला सुई टोचायला तू उरायचा नाहीस.”

“बाप बघतोय माझा.”

“म्हणूनच म्हणते.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात बालदान आला आणि खाली वाकला. “चढ पाठीवर. तू मला घाबरून पळालास हे मी साऱ्या बटालियनला सांगणार आहे,” असं म्हणत त्यानं पोराला उचलून दवाखान्यात नेलं.

मलेरियाच निघाला, आणि तोही मेंदूवर जाणारा. ताईनं शिरेतून औषध सुरू केलं. मग तिनं फोन हातात घेतला. तिकडे म्हातारा अजून बसलेला. वाईट बातमी अशी एकदम कशी सांगावी, म्हणून तिनं गवतपाण्याची, मेंढ्यांची चौकशी सुरू केली.

“मेंढ्या राहू दे, बाई,” म्हातारा म्हणाला. “पोरगा कसाय?”

तिनं आजाराचं नाव घेऊन सगळं सांगितलं. आजची रात्र कठीण आहे, हेही सांगितलं. म्हातारा म्हणाला, “कळपातली मेंढी आजारी पडली तर मला लांबून कळतं. आज पोराकडे एवढा बघत होतो आणि मला दिसलं नाही. तुला दिसलं. आता तो तुझ्या पदरात.”

त्या रात्री मी संकटातून तारणाऱ्या हिरव्या तारामातेचा जप केला. ताईनं मात्र माळ खिशातच ठेवली; दर थोड्या वेळानं ती ओली फडकी बदलत होती. माझ्या मते दोन्ही एकाच ठिकाणी पोचलं.

सकाळी दवाखान्याच्या दारात तिघे शिपाई खाली मान घालून उभे. अंग कसकसतंय, असं तिघांनी आपणहून सांगितलं. एकाचा तर निव्वळ थकवा निघाला, पण ताईनं त्यालाही चहा पाजला.

दुपारी चोइजिलला दरदरून घाम फुटला. शर्ट भिजला, उशी भिजली. तो डोळे उघडून म्हणाला, मटणाचा रस्सा मिळेल का. बालदान ओरडला, “लढायला नको, गिळायला तेवढा पुढं,” आणि स्वतःच भटारखान्याकडे निघाला.

ताईनं चोइजिलच्या कपाळावरचा घाम पुसला, तापमापी बघितली, परत एकदा बघितली. मग बाहेर येऊन डासांवरच्या फवारणीचा पंप पाठीला अडकवला.

“गाडी काढ,” ती मला म्हणाली. “छावणीमागं पाणी साचलंय.”