मघाचे पाच शब्द

"बोटाकडे बघ. बोटाकडे म्हटलं मी ब्रिन, मैदानाकडे नाही."

"बघतेय ना. एकच बोट आहे, मार्लिस. आणि ते माझ्यापेक्षा जास्त हलतंय."

खोटं नव्हतं ते. मार्लिस होल्टकँपचं बोट थरथरत होतं. नोव्हेंबरातला वारा मका कापलेल्या रानांवरून सरळ खेळाडूंच्या बाकांवर येत होता, पण बोट काही थंडीने हलत नव्हतं. फलकावरच्या घड्याळात अकरा मिनिटं वीस सेकंद उरली होती. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये घड्याळ उलटं चालतं. किती गेलं हे कुणी बघत नाही, किती उरलं तेवढंच दिसतं. भित्र्या माणसाला याहून वाईट घड्याळ नाही.

आसपासच्या कॉलेजांच्या परिषदेच्या स्पर्धेची ही अंतिम लढत होती आणि गोल एक-एक होते. जिंकेल तो संघ राष्ट्रीय स्पर्धेला जाणार, हरेल त्याने आजच गणवेश धुवायला टाकायचे. ब्रिनचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष. ती बचावफळीचा कणा होती आणि संघाची पेनल्टीही तीच मारायची. चार मिनिटांपूर्वी एका कॉर्नरला ती आणि समोरची पोरगी एकाच वेळी उडाल्या आणि डोक्यावर डोकं आपटलं. लाकडावर लाकूड आपटावं तसा तो आवाज बाकांपर्यंत आला. समोरची लगेच उठली. ब्रिन थोडा वेळ चार हातापायांवर राहिली, मग उठली आणि हसली. ते हसणंच मार्लिसला आवडलं नव्हतं.

मार्लिस या कॉलेजची फिजिओ. सत्तावीस वर्षं ती पोरींच्या घोट्यांना पट्ट्या बांधत आली होती, बर्फाच्या पिशव्या भरत आली होती. आणि सत्तावीस वर्षं ती घाबरत आली होती. हमरस्त्यावर गाडी घालायला ती घाबरे, वादळाचा भोंगा वाजला की घाबरे, प्राचार्यांच्या कचेरीतून फोन आला की तर विचारूच नका. दुधाने तिचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ती जन्मभर ताक फुंकून पीत होती. पोरी तिची नक्कल करायच्या, आणि तिला ते माहीत होतं. नियमाने डोक्याच्या दुखापतीत फिजिओचा शब्द अखेरचा, त्यापुढे प्रशिक्षकाचंही चालत नाही. तो नियम तिच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला होता. भिंतीवरून उतरवून कुणाच्या तोंडावर मारायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"झालं का?" कोच हॅगन लांबूनच ओरडला. "काय दात मोजतेस तिचे?"

"होतंय, कोच. होतंय."

महिना कोणता? समोर कोण खेळतंय? गोल किती? ब्रिनने धडाधड सांगितलं. महिने उलटे म्हण. म्हटले, फक्त ऑगस्टपाशी जराशी अडखळली. एका पायावर उभी राहा. राहिली. हॅगन आता अगदी पाठीशी येऊन उभा होता, त्याचा श्वास मार्लिसच्या मानेवर लागत होता.

"आता मघाचे पाच शब्द सांग," मार्लिस म्हणाली.

"लोणी, कंदील, खोगीर, खिडकी, मिरी." एका दमात.

"ठीक आहे ना ती?" हॅगनने विचारलं.

"ठीक दिसतेय."

"दिसतेय की आहे?"

"आहे," मार्लिस म्हणाली.

हॅगनने ब्रिनच्या पाठीवर थाप मारली. ब्रिन पळत नोंदणीच्या टेबलापाशी गेली, नाव दिलं आणि मध्यरेषेवर जाऊन उभी राहिली. चेंडू बाहेर गेला की ती आत जाणार होती.

मार्लिस बाकावर बसून तपासणीचा कागद भरू लागली. रीत अशी, की आधी पाच शब्द वाचून दाखवायचे आणि लगेच म्हणवून घ्यायचे. मग बाकीचे प्रश्न, आणि शेवटी तेच शब्द पुन्हा विचारायचे. तिच्या कागदावर पहिला रकाना कोरा होता. खुणा करायला विसरले, असं तिला वाटलं. मग ती मनातल्या मनात मागे गेली. ब्रिन आली, हॅगन ओरडला, आपण घाबरून थेट बोट वर केलं... शब्द तिने वाचलेच नव्हते.

मग पोरीने पाच शब्द आणले कुठून?

कागदाबरोबरच्या पुठ्ठ्यावर सहा वेगवेगळ्या याद्या होत्या. पण मार्लिस दर वेळी पहिलीच वाचायची. यादी बदलली तर आपलाच गोंधळ होईल, याची तिला धास्ती. शेजारी घोंगडीत गुरफटून पहिल्या वर्षाची एक पोर बसली होती, नोरा. मार्लिस तिच्याकडे न बघताच पुटपुटली, "लोणी, कंदील..."

"खोगीर, खिडकी, मिरी!" नोराने मांडीवर ठेका धरून पुरं केलं, आणि दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"कुणी शिकवलं?"

"सगळ्यांनाच येतं," नोरा रडवेली झाली. "पहिल्याच आठवड्यात शिकवतात मोठ्या मुली. म्हणजे कधी डोक्याला लागलंच तर तू बाहेर बसवू नयेस. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं!"

मार्लिसने कागद खाली ठेवला. किती वर्षं? किती पोरींना तिने हे पाच शब्द ऐकून आत सोडलं होतं? दुखावलेल्या मेंदूला त्याच दिवशी दुसरा मार बसला तर काय होतं, ते तिने पुस्तकात वाचलं होतं. ते पान ती नेहमी घाईने उलटायची.

गप्प बसणं सोपं होतं. पोरगी हसत होती, बोलत होती, एका पायावर उभी राहिली होती. कदाचित काही झालंही नसेल. तोंड उघडलं तर पहिली चूक तिचीच निघणार होती. शब्द वाचलेच नाहीत, हे तिला सगळ्यांदेखत सांगावं लागणार होतं, आणि ते कुणाला? तर हॅगनला. नोकरीची तीन वर्षं उरली होती.

चेंडू बाहेर गेला. खेळाडू बदलायचा भोंगा वाजला. पंच बाईने ब्रिनला हात केला.

मार्लिस पळाली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघ्यांचं खोबरं झालेलं, पण ती पळाली, आणि रेषेवर तिने ब्रिनचा सदरा मागून दोन्ही मुठींनी धरला.

"सोड! मार्लिस, काय करतेस? सोड ना!"

"नाही."

"आता काय?" हॅगन धावत आला. "आत्ताच तर म्हणालीस, ठीक आहे म्हणून!"

"चुकले मी. शब्द मी वाचलेच नाहीत."

"मग सांगितले कसे तिने?"

"तेच म्हणतेय मी, कोच. पाठ आहेत त्यांना."

हॅगनने फलकाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आठ मिनिटं, मार्लिस. फक्त आठ. नंतर वर्षभर तपासत बस तिला."

"नाही."

"बाई, घरी जा!" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, आणि बरेच जण हसले. मार्लिसने मुठी आणखी आवळल्या. तिने सदरा सोडला नाही, कारण सोडला तर आपणच खाली पडू असं तिला वाटत होतं.

पंच आली. तिने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तपासणी कुणाची?"

"माझी," मार्लिस म्हणाली.

"मग मुलगी बाहेर." आणि तिने खेळ सुरू केला.

उपचारांच्या खोलीत ब्रिन भिंतीकडच्या पलंगावर बसून रडली, मग चिडली. "तू भित्री आहेस. सगळ्या कॉलेजला माहितीये. तुला सावलीचीसुद्धा भीती वाटते."

"हो गं," मार्लिस म्हणाली. दर पाच मिनिटांनी ती नाडी बघत होती, डोळ्यांच्या बाहुल्या बघत होती. बाहेर पूर्ण वेळ संपला. ज्यादा वेळही संपला. गोल एक-एकच राहिले. कर्ण्यावर पेनल्ट्यांची घोषणा झाली तेव्हा ब्रिनने दिवा मालवायला सांगितला, डोकं ठणकतंय म्हणाली. मग बादलीत ओकली. तोंड पुसून तिने विचारलं, "किती झाले?"

"एक-एक. पेनल्ट्या चालल्यात."

"हं." थोडा वेळ गेला. "मार्लिस, किती झाले?"

आजवरची आपली सगळी भीती ही नुसती तालीम होती, असं मार्लिसला त्या घटकेला कळलं. तिने फोन उचलला आणि रुग्णवाहिका बोलावली. पत्ता सांगताना तिने कॉलेजचं नाव दोनदा चुकवलं.

बाहेर आरोळी उठली. ती पाहुण्यांच्या बाजूची होती.

पाच मिनिटांनी हॅगन दार ढकलून आत आला. "झालं समाधान? पाचवी पेनल्टी हिची होती! तिच्या जागी ज्या पोरीला पाठवली, तिने चेंडू गोलावरून पार मक्याच्या रानात घातला!"

"कोच," ब्रिन म्हणाली, "किती झाले?"

"हरलो, ब्रिन. पेनल्ट्यांवर."

ब्रिनचा चेहरा आक्रसला आणि ती हमसाहमशी रडू लागली. चार वर्षांचं सगळं त्या रडण्यात होतं. हॅगनचा राग तिथेच विरला. तो अवघडून तिच्या खांद्यावर थोपटत राहिला. हळूहळू ती शांत झाली. तिने बाहीने नाक पुसलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"कोच, तुम्ही इथे काय करताय? किती झाले?"

हॅगनने मार्लिसकडे पाहिलं. "हे काय?"

"चौथ्यांदा विचारतेय. गाडी निघालीय दवाखान्यातून."

तो समोरच्या स्टुलावर बसला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. "मी तिला आत पाठवली असती."

"मीपण पाठवलीच होती," मार्लिस म्हणाली.

लांबून सायरन ऐकू येऊ लागला, पण कोणत्या रस्त्याने येतोय ते कळत नव्हतं. मार्लिसने ब्रिनचा हात धरला. तो गार होता.

"कोच? किती झाले?"

हॅगनने तोंड उघडलं. ती बातमी ऐकून पोरीचं काय होतं, ते त्याने आत्ताच पाहिलं होतं. त्याने टोपी हातात फिरवली.

"बरोबरी आहे," तो म्हणाला. "अजून चालू आहे."

"मग मला आत पाठवा ना. मी ठीक आहे."

"ते माझ्या हातात नाही, बाळा. मार्लिसला विचार."

ब्रिनने मान वळवली. "मार्लिस, जाऊ?"

"नाही गं राणी."

ब्रिनने वाद घातला नाही. ती सरकली आणि मार्लिसला आपल्या शेजारी जागा करून दिली.

"बरं. मग इथूनच बघू," ती म्हणाली, आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघू लागली. थोड्या वेळाने हॅगननेही मान तिकडे वळवली.