उरलेला डबा

संध्याकाळी सहाच्या ठोक्याला मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत घराघरांतून शंख वाजायचा. लॉकडाउनमुळे चौकात बांबू आडवे बांधलेले, तालमीचा कट्टा ओस, दूधवाला सोडला तर रस्त्यावर माणूस नाही. पण शंख चुकत नसे. तो मोबाईलमध्ये वाजे. श्री कुबेरानंद महाराजांचा ग्रुपवर संदेश आला की हातातली भाकरी तव्यावर टाकून माणसे फोनकडे धावत.

महाराजांचा चमत्कार काळाला धरून होता. ते अंगारा देत नव्हते की लिंबू कापत नव्हते. तांब्याच्या कलशावरचा नारळ म्हणे त्यांच्या मंत्राने आपोआप फिरे आणि उद्या शेअर बाजार चढणार की पडणार, ते सांगे. "बाळांनो, कंपनीचा ताळेबंद माणूस लिहितो, नारळाचे डोळे देवाने लिहिलेत," असे महाराज घोगऱ्या आवाजात समजावत. नारळाला डोळे तीन आणि बाजाराला दिशा दोन. तिसरा डोळा भक्तांच्या खिशावर असणार, पण तसे विचारायची सोय नव्हती. ग्रुपवर बोलायचा हक्क एकट्या महाराजांना. शिवाय ताकीद होती, संदेश बाहेर दाखवला तर फळ जाते.

आणि संदेश खरा ठरत होता. नारळ चढणार म्हणाला की बाजार चढे, पडणार म्हणाला की पडे. एकदाही चूक नाही. मग महाराजांनी 'योगकलश' उघडला. त्यात पैसे भरायचे, गुंतवणूक महाराज करणार, भक्तांनी फक्त दुप्पट होण्याची वाट बघायची.

स्वप्नाली त्याच गल्लीतली, हायस्कूलची गणिताची शिक्षिका. शाळा बंद, पगार निम्म्यावर, आणि वर्ग म्हणजे साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन. शेजारच्या तानाबाईची खानावळ कॉलेजच्या पोरांवर चालायची. पोरे गावी गेली तशी तानाबाई कोरोनाच्या रुग्णांना डबे करून देऊ लागली. घरोघरी दाराच्या कडीला डबा अडकवायचा, हाक मारायची आणि मागे सरकायचे.

एके दिवशी तिने स्वप्नालीला गाठले. "बाई, तुमी गणिताच्या. ह्यात काय फसवाफसवी न्हाय न्हवं?"

"रोज खरं ठरतंय, तानाक्का. इतक्या वेळा योगायोग होत नाही."

बाईंचा शब्द म्हटल्यावर तानाबाईने साठवलेल्यातले निम्मे कलशात घातले. त्याच रात्री स्वप्नालीच्या खात्यात 'सेवाप्रसाद' जमा झाला. कलशात नवा भक्त आणला की आणणाऱ्याला प्रसाद. तिला तो खटकला, पण परत करावासा वाटला नाही. उलट तानाबाईचे डबे जात त्या घरांतल्याही काही जणांना तिने कलशात पैसे भरा म्हणून फोन केले. प्रसाद येत राहिला आणि तिने तो घरातसुद्धा कुणाला सांगितला नाही.

तेवढ्यात तिला लशीचा स्लॉट मिळाला, तोही थेट गगनबावड्याला. शहरात मिळणे मुश्किल, म्हणून लोक जिथे मिळेल तिथे पळत होते. नाक्यानाक्यावर पोलिसांना लशीचा मेसेज दाखवत ती पोहोचली. सुई टोचून घेऊन सगळे अर्धा तास लांब लांब खुर्च्यांवर बसले होते. इतक्यात तिच्या पर्समध्ये शंख वाजला. महाराजांनी अवेळीच खास संदेश धाडला होता: कलशाचे तोंड उद्या बंद, राहिलेले भरून घ्या.

पलीकडच्या खुर्चीवरचा माणूस हसला. तो पारस, कबनूरचा यंत्रमागवाला.

"म्याडम, तुमचा शंख अजून चालू हाय व्हय? आमचा बंद पडला की."

"बंद? कशानं?"

त्याने फोन लांबूनच तिच्याकडे धरला. मागच्या सोमवारचा संदेश. तोच कलश, तोच नारळ, तोच फोटो. खाली लिहिले होते, उद्या बाजार पडणार. स्वप्नालीच्या फोनवर त्याच सोमवारी, त्याच फोटोखाली होते, उद्या बाजार चढणार. आणि बाजार चढला होता.

"दुसऱ्या दिवशी म्हाराजांनी ग्रुपच मोडला. म्हटलं, जाऊ दे, भोंदू हाय. सांगणार कुणाला? माग बंद, च्याची टपरी बंद. चार माणसं भेटली तर बोलणार की."

स्वप्नालीला पुढचे कुणी सांगायची गरज नव्हती. संभाव्यतेच्या धड्यात हे ती दरवर्षी फळ्यावर शिकवत आली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. परतीच्या वाटेवर मनात एक पळवाटही आली. तानाक्काला नुसते "भरू नका" म्हणावे, कारण सांगू नये. प्रसादाचे कुणाला कळणार होते?

ती पोहोचली तेव्हा तानाबाई ओट्यावर रिकामे डबे पुसत होती. पिशवीत पासबुक घालून सकाळची तयारी झाली होती.

"तानाक्का, पैसे भरू नका. सोळा डबे मांडा इथं."

"आता डब्यांचं काय?"

"हे महाराजांचे सोळा ग्रुप समजा, एकेका गावातला एक. या आठांना मी सांगते, बाजार चढणार. त्या आठांना, पडणार. बाजार चढला. ते आठ उचला."

तानाबाईने उचलले. उरलेल्या आठांचे पुन्हा दोन वाटे झाले, पुन्हा चूक ठरलेले बाजूला गेले. मग चार राहिले, मग दोन, शेवटी एक.

"या डब्याला मी दर वेळी खरंच सांगितलं," स्वप्नाली म्हणाली. "याला मी देव वाटणार. उचललेले डबे याला दिसत नाहीत, कारण जो तो आपापल्या घरात कोंडलेला. मंत्र नाही, नारळ नाही. नुसती वाटणी."

तानाबाईने तो डबा उचलला. "म्हंजी हे मी."

"मीसुद्धा."

"न्हाय बाई. मला शाळा न्हाय. तुमची तर ही रोजची इद्या. मग तवा का दिसलं न्हाय?"

पळवाट अजून उघडी होती. स्वप्नालीने मान खाली घातली. "तुम्हाला आणल्याबद्दल मला पैसे मिळाले. पुढं बघायचं मीच टाळलं. ते पैसे तुमचे आहेत, देते. पण तुम्ही भरलेले परत येतील असं वाटत नाही. तक्रार करू आपण."

तानाबाई रडली नाही, रागावलीही नाही. ते स्वप्नालीला जास्त लागले.

"डबे भरते. माझ्यासंगं चला," ती म्हणाली. "ज्या ज्या घरात तुमी फोन केलता, तिथं माझ्याम्होरं सांगायचं."

पहिले दार पद्मावतीकाकूंचे. कडीला डबा अडकवून दोघी मागे सरकल्या. काकू खिडकीत आल्या, तोंडावर पदर, हातात फोन.

"काकू, महाराजांचं रोज खरं ठरतंय, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं," स्वप्नाली मास्कमधून मोठ्याने म्हणाली. "खोटं ठरलेलं कुणाकुणाला गेलं, ते मी शोधलंच नाही, कारण त्यात माझा फायदा होता. यापुढं कुणीही चमत्कार सांगितला की दोन गोष्टी विचारा. ज्यांना चुकीचं सांगितलं ती माणसं कुठं आहेत, आणि सांगणाऱ्याला यात काय मिळतंय. मी सांगत असले तर मलाही विचारा."